तांबटाला सम नाही

एरंडवणे, पुणे
मे अखेर

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, तबला आता सोडल्यातच जमा. आपलं काही होणार नाही त्यात." तुझी मीटिंग सुरू व्हायची होती आणि मला फोनवर पटकन काही सुचत नाही, म्हणून मी 'बरं' म्हणून ठेवून दिला. कागद समोर घेतला की सुचतं. व्हॉट्सॲपवर एवढं लांबलचक पाठवलं असतं, तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

आधी घरची खबर. वळीव येऊन गेला, उकाडा तसाच आहे. मागच्या अंगणातला शेवगा अर्धा वाळलाय, तो तोडून टाकावा असा माझा बेत होता. तुझ्या आईने हाणून पाडला, कारण वाळक्या फांदीला तांबट पक्ष्याने ढोली कोरली आहे. शेवग्याचं लाकूड मऊ, म्हणून त्याला ते पसंत. सकाळी ऊन जरा वर आलं की हा गडी शेजारच्या उंबराच्या शेंड्यावर बसतो आणि सुरू होतो : टुक्, टुक्, टुक्. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल, छातीवरही लाल पट्टा. गंमत म्हणजे ओरडताना चोच मिटलेली असते. गळ्याच्या दोन्ही बाजूंची कातडी दर 'टुक्'ला फुगते आणि बसते. मान सारखी इकडे तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही आणि मी चहा गार होईपर्यंत झाडाकडे बघत राहतो.

लय मात्र पक्की. अभ्यासकांनी मोजलीय म्हणे, मिनिटाला १०८ ते १२१ टोले. मी खुर्चीत बसल्या बसल्या त्यावर तीनताल धरतो. धा धिं धिं धा. नवव्या मात्रेला टाळीऐवजी रिकामा हात फिरवून 'खाली' दाखवतो, सोळा पुरे करून समेवर, म्हणजे परत पहिल्या मात्रेवर येतो, आणि त्या पठ्ठ्याला समेशी काही देणंघेणंच नसतं. कधी सतराव्याला थांबेल, कधी एकाहत्तराव्याला, लहर लागली तर दोनशेच्याही पुढे जाईल. मग गप्प बसतो आणि उंबर खातो. त्याला कुणी विचारत नाही की, बाबा रे, याचं पुढे काय?

तुला मात्र सगळे विचारायचे. विशारद कधी, कार्यक्रम कधी, टीव्हीवर कधी. तुझ्या सरांनी दिलेला एखादा कायदा, म्हणजे तबल्याची ठरीव रचना, हाताला बसला, की तू वह्या तशाच टाकून स्वयंपाकघरात यायचास आणि ओट्यावर वाजवून दाखवायचास. आईच्या वाटीतलं दही सांडायचं. तू कलाकार होशील असं आम्हाला तेव्हाही वाटत नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. दही सांडलेलं चालत होतं, एवढंच.

सवाईला काय सगळे कलाकार येतात? मंडपातल्या निम्म्या लोकांना सरगमही धड म्हणता येणार नाही, त्यात मी पहिला. पण तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर चपखल पडली, की हजारो माना एकदम हलतात, आणि नाही पडली तर मागच्या रांगेतले कुणीतरी काका 'च्च्' करतात. भीमसेनजींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. आमच्या तरुणपणी रमणबागेत तो रात्र-रात्र चालायचा. थंडीत शाल पांघरून सतरंजीवर बसायचं, दोनच्या सुमारास पेंगायचं, चहा पिऊन परत यायचं. शेवटच्या पहाटे भीमसेन गायचे. बाहेर झाडांवर पाखरांची किलबिल सुरू झालेली असायची आणि आत ललत किंवा तोडी. ध्वनिक्षेपकांना रात्री दहाची मर्यादा आल्यापासून ते गेलं. आता मुकुंदनगरला खुर्च्या आहेत, मोठे पडदे आहेत, स्वच्छतागृहंसुद्धा बरी आहेत. पण पहाटेचे राग समोर बसून ऐकायचे तर दिवाळी पहाटेची वाट बघावी लागते. तुझी पिढी म्हणेल, यूट्यूबवर ऐका. ऐकतो. पण यूट्यूबवर पेंगायला मजा येत नाही.

म्हणून मी पहाटेचं काम सध्या दयाळ पक्ष्यावर सोपवलंय. काळा-पांढरा, ऐटबाज. हिवाळ्यात जवळजवळ मुका असतो, मार्चपासून कंठ फुटतो. विजेच्या तारेवर बसून एकेक तुकडा असा फिरवून फिरवून म्हणतो की गाणाऱ्याने कान द्यावा. कोकीळही आहेच, पण त्याच्यावरून आमच्या इमारतीत तट पडलेत. वरच्या मजल्यावरच्यांची झोपमोड होते. पहाटे चारला तो सुरू झाला, की ते खिडकीतून टाळ्या वाजवतात आणि त्याला ती दाद वाटते.

आईचा जीव शिंपी पक्ष्यावर. तिच्या जास्वंदीत मादीने घरटं केलंय. पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडायची आणि कोळ्याच्या जाळ्याचा, कापसाचा धागा ओवून पानं जोडायची. ही शिवण एकटी मादी घालते. नर पुढे पिल्लांना भरवायला येतो. (यावर आईने माझ्याकडे बघितलं, मी पेपर वर धरला.) वजन १० ग्रॅमच्या आत, आणि आवाज असा खणखणीत की साळुंकी मागे सरते. तू ते पक्षी ओळखायचं ॲप आईच्या फोनमध्ये टाकून दिलंस. यादी करा, किती झाले ते कळवा म्हणालास. तिने एकदा उघडलं. त्यात जागा, वेळ, संख्या भरायची होती. "मी काय शिरगणती करायला बसलेय?" म्हणाली आणि भांड्यात पाणी घालायला गेली. ज्यांना मोजण्यात रस आहे त्यांनी जरूर मोजावं, त्यातून पुष्कळ कळतं. तांबटाचे टोले मलाही तसेच कळले. तिला त्यात रस नाही, इतकंच.

मोजण्यावरून आजोबांची गोष्ट सांगतो. निंबाळकरांच्या डावाची गोष्ट तू स्पर्धेच्या वक्तृत्वात सांगितली होतीस : डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, काठियावाडविरुद्ध रणजी सामना, भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विश्वविक्रमी ४५२ ला नऊ कमी. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६. आपल्या संघाचं नाव असल्या विक्रमात लागू नये म्हणून समोरच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. भारतीयाची ती अजूनही प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी, आणि त्या माणसाला एकही कसोटी मिळाली नाही. तुझं भाषण 'फक्त नऊ धावा!' असं हात उंचावून संपायचं. आजोबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. पण ते स्वतः शाळा बुडवून त्या मैदानावर गेले होते, आणि ते घरी कधी नऊ धावांबद्दल बोलले नाहीत. शेंगांची पुडी, डोक्यावरचं ऊन, शेजारी बसलेला एक अनोळखी मनुष्य प्रत्येक चौकाराला यांच्याच मांडीवर थाप मारायचा, आणि चेंडू कुंपणाकडे गेला की झाडावरचे पोपट उडायचे. एवढंच सांगायचे, तेही दर वेळी नव्या तपशिलासह. नऊ धावांची हळहळ त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरातून कळली.

तू मला दर रविवारी धावण्याच्या घड्याळाचे आकडे पाठवतोस. किती किलोमीटर, नाडी किती, मागच्या आठवड्यापेक्षा किती सेकंद कमी. छान आहे, तब्येत सांभाळतोस. पण वाटेत काय दिसलं ते एकदाही लिहीत नाहीस. तलावाला वळसा घालून जातोस ना? तिथे काही तरी असेलच.

आमचं बॅडमिंटन जोरात आहे. हा खेळ पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी खेळायचे आणि त्याला 'पूना'च म्हणायचे, हे मी नव्या भिडूंना ऐकवतोच. जाळीच्या जागी आमची वाळत घालायची दोरी. शटल पेरूत अडकलं तर गुण परत, हा स्थानिक नियम. सध्या त्या पेरूत बुलबुलाचं घरटं आहे, त्यामुळे त्या बाजूला जोराचा फटका मारायला आईने बंदी घातली आहे. सगळे तिकडे अलगद टाकतात. गुडघ्यांना ते बरंच पडतं. खो-खोचा विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला, आपल्या पुरुषांनी आणि मुलींनी दोघांनी नेपाळला हरवून जिंकला, तेव्हापासून मागच्या मैदानावर पोरं वाढली आहेत. पाठलाग करणाऱ्याला उलट फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, खो द्यावा लागतो. संध्याकाळी मी कट्ट्यावर बसून बघतो. एक बारकी मुलगी असा सूर मारते, की धुळीतून उठताना गडी बाद झालाय हे तिलाही आधी कळत नाही.

तर तबल्याचं. मी तो कारागिराकडे टाकला आहे. वरची कातड्याची पुडी फुटली होती, डग्ग्याची शाई उडाली होती. गणपतीपर्यंत देतो म्हणाला, म्हणजे दिवाळी धरून चाल. आलास की घेऊन जा. तिथे खालचे लोक कुरकुर करत असतील तर खाली जाड सतरंजी घाल, तीही देतो. येताना शटलचा एक डबा आण, पिसांचा नको, प्लॅस्टिकचा. पिसांचे आमच्याकडे टिकत नाहीत. आणि डिसेंबरची रजा आत्ताच टाक, सवाईची तिकिटं मी काढतो.

तुझा
बाबा

ता.क. : आई विचारते, तुझ्या खिडकीत सकाळी बसतो म्हणालास तो काळा-पांढरा पक्षी शेपूट वर उचलून बसतो की खाली-वर हलवत चालतो? एवढं बघून कळव. फोटो नको.