गेकोंसाठी जुने टँक, थर्मोस्टॅट आणि तुमचा थोडा वेळ हवाय

नमस्कार मंडळी, आमचा सरपटणाऱ्या प्राण्यांचा छोटासा रेस्क्यू ग्रुप आहे, सगळे नोकऱ्या सांभाळून करतोय, आणि सध्या जागा आणि सामान दोन्ही संपलंय म्हणून हे लिहितोय. "पालीसाठी कसली मदत मागताय" हे ऐकून झालंय, त्यामुळे ते सोडून बोला.

विषय आहे रेप्टाइल शॉपमधून येणाऱ्या दुर्मिळ गेकोंचा, म्हणजे पालीच्या कुळातल्या प्राण्यांचा. आमच्याकडे येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते. मादागास्करचा सॅटॅनिक लीफ टेल गेको घ्या, हुबेहूब वाळलेलं पान. त्याला २० ते २४ डिग्रीचा गारवा आणि भरपूर दमट हवा लागते, आणि तो पानावरचे थेंब चाटून पाणी पितो. दुकानात त्याच्यावर हीट लॅम्प, खाली कोरडा भुसा, कोपऱ्यात पाण्याची वाटी. वाटीत पाणी आहे हे बहुतेक वेळा त्याच्या लक्षातच येत नाही, भरल्या वाटीशेजारी तहानेने वाळतो बिचारा. डोळे आत गेलेले, कमरेची हाडं वर आलेली, आणि यातले बरेच जंगलातून पकडलेले असल्यामुळे पोटात जंत असतातच. दुकानदार म्हणतो "शांत स्वभावाचा आहे". अहो शांत नाही, जीव राहिला नाहीये त्याच्यात.

त्याच रॅकवर शेजारी इलेक्ट्रिक ब्लू डे गेको, टांझानियातल्या जंगलाच्या छोट्याशा तुकड्यात केवड्याच्या जातीच्या झाडांवर राहणारा, पकडणारे तर गेको मिळावेत म्हणून अख्खी झाडंच तोडतात. २०१६ मध्ये याला सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात टाकलं, म्हणजे जंगलातून पकडलेल्याचा आंतरराष्ट्रीय धंदा बंद. याला उलट ऊन लागतं, युव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) लागतं, नाहीतर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडून जबडा रबरासारखा होतो. दोन निळे नर एका टँकमध्ये ठेवले की मारामारी ठरलेली, पण निळे छान दिसतात ना, म्हणून ठेवतात एकत्र.

आता एक गोष्ट जरा स्पष्टच सांगतो, काहींना राग येईल. दुकानात मरायला टेकलेला गेको बघून "वाचवायला" म्हणून विकत घेऊ नका. दुकानदारासाठी तो विकला गेलेला माल असतो, रिकाम्या टँकमध्ये दुसरा येतो. आमच्यातल्या दोघांनी पूर्वी हेच केलंय, मी त्यातला एक. त्याऐवजी फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, परवान्याचे आणि ब्रीडरचे (पैदास करणाऱ्याचे) कागद मागा, आणि तक्रार वन्यजीव खात्याकडे किंवा प्राणी कल्याणवाल्यांकडे लेखी करा. आम्ही मजकूर लिहून देतो.

आम्हाला काय हवंय तर उभे काचेचे टँक, वरचं झाकण जाळीचं असलेले. थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारे) तर कितीही चालतील, कारण त्याच्याशिवाय हीटर लावणं म्हणजे भाजण्याची सोय. डिजिटल हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा), काटेवाला नको, तो काहीही दाखवतो. युव्हीबी ट्यूब मात्र नवीनच द्या, जुनी पेटते छान पण त्यातलं युव्हीबी कधीच उतरलेलं असतं. पैसे दिलेत तर ते विष्ठेच्या तपासणीवर आणि सरपटणारे प्राणी खरंच जाणणाऱ्या डॉक्टरांवर जातात, हिशोब कधीही मागा.

आणि माणसं हवीत. रोज रात्री पाण्याचा फवारा मारायला, न खाल्लेले क्रिकेट, म्हणजे खायला घातलेले रातकिडे, बाहेर काढायला (राहिले तर तेच अशक्त गेकोला चावतात), बोटांवर अडकलेली कात ओल्या कापसाने सोडवायला, ती तशीच राहिली तर बोट गळून पडतं. हातात घेऊन खेळायला मिळणार नाही हे आधीच सांगतो, भीतीनेच शेपूट टाकतात काही.

द्यायचं असेल तर आधी टँकचं माप आणि फोटो पाठवा. धुवून आणा, पण साबण आणि गरम पाण्याने. फिनाइल अजिबात नको, त्यांना ते विषारी असतं.