उल्म स्टेशनवरच्या आजी आणि बाकी सगळ्यांना थँक्यू

जर्मनीत येऊन वर्ष होईल आता, पण ज्यांची नावं विचारायची राहून गेली त्यांचे आभार मानायचेत. उल्मच्या आजी, मी डॉइचलँड-टिकिटावर, म्हणजे महिन्याच्या पासवर, आयसीईत (लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत) चढत होते, तुम्ही हात धरून थांबवलंत, हे फक्त लोकल-रीजनल गाड्यांना चालतं म्हणालात आणि आउग्सबुर्गच्या गाडीत बसवूनच गेलात, माझी एक बॅगपण तुम्हीच ओढलीत हो! आनमेल्डुंगच्या, म्हणजे राहत्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीच्या, रांगेतला दादा, राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत नोंदणी करायची, घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, सगळं नीट समजावलंस, स्वतःचा नंबर जाऊ दिलास. आणि शेजारच्या काकू, रिकामी प्लॅस्टिकची बाटली फेकू नको, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट मिळतात हे तुम्हीच दाखवलंत. खूप खूप आभार, अगदी मनापासून.