फरशीवरचं पाणी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारचा व्हिडिओ पाहिला. वेल्ह्याकडची कुठलीतरी फरशी, म्हणजे ओढ्यावरचा तो बुटका पूल, वरून तांबडं पाणी वाहतंय, गाडी तू चालवतेयस आणि मागे कोणीतरी "जाऊ दे, जाऊ दे" ओरडतंय. आई काहीच बोलली नाही, त्यावरून काय ते समज. फोनवर तू "हो बाबा" म्हणून विषय मिटवतेस, म्हणून लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, तेव्हा पाण्याबद्दल जरा जास्तच लिहीन. वाचून काढ.

तुझं म्हणणं असं की एसयूव्ही उंच आहे, जड आहे, तिला काही होत नाही. उंचीचं मान्य. वजनाचं गणित मात्र करून बघू. गाडी दीड टनाची, तळ साधारण सात चौरस मीटर. पाणी तळाला टेकल्यावर आणखी वीस-बावीस सेंटीमीटर चढलं की गाडीने दीड हजार लिटर पाणी बाजूला सारलेलं असतं. दीड हजार लिटर म्हणजे दीड टन. झालं, बादलीतल्या रिकाम्या तांब्यासारखी गाडी तरंगायला लागली. तळ जमिनीपासून वीस सेंटीमीटरवर धरला तरी पाणी एकूण चाळीसेक सेंटीमीटर, म्हणजे तुझ्या गुडघ्याच्याही खाली. दारांच्या फटीतून पाणी आत शिरून गाडी जड होते हे खरं, पण ते सावकाश. तोवर ती जागा सोडते. छोट्या गाडीचं वजन कमी, तसा तळही लहान, त्यामुळे उत्तर फारसं बदलत नाही. उलट तिचा तळ जमिनीला जवळ, म्हणून ती आणखी लवकर सुटते.

आणि पुरती तरंगेपर्यंत पाणी थोडंच थांबतंय! टायरवरचा भार निम्मा झाला की पकडही निम्मीच उरते, आणि फरशीवर पाणी आडवं येतं, थेट दारांवर. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. फरशीला बहुतेक ठिकाणी कठडा नसतो, गढूळ पाण्यात कडा दिसत नाही आणि खालच्या अंगाला पाण्याने माती ओढून नेलेली असते. मध्ये एखादा तुकडा खचलाय की नाही, हे वरून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. गाडीच्या पुस्तकात 'वेडिंग डेप्थ', म्हणजे गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते, त्याचा आकडा दिलेला असतो, तो तू मित्रांना अभिमानाने सांगतेस. तो संथ पाण्याचा आकडा आहे. वाहत्या पाण्यात त्याला काही अर्थ नाही.

पुण्यात वाढलेल्या माणसाला पाणी सांगून येतं असं वाटतं. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की बातमी येते, नदीपात्रातला रस्ता बंद होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि लोक फोटो काढायला जमतात. तरीसुद्धा २५ जुलै २०२४ला विसर्ग ३५,००० क्युसेकच्या वर गेला तेव्हा एकता नगरीत घरांत पाणी शिरलं, ते आपण जवळून पाहिलं. ३५,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर! पण ओढा कसलीही सूचना देत नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला जोराचा पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगरपर्यंत गाड्या एकमेकींवर नेऊन टाकल्या. डोंगरातलं पाणी ओढ्यात उतरायला फार वेळ लागत नाही. तू जिथे उभी आहेस तिथे ऊन पडलेलं असेल आणि वर ढग फुटलेला असेल. वेल्हे, मुळशी, भोर, तिकडचे ओढे सगळे याच जातीचे. जाताना घोटाभर होतं म्हणून येतानाही तेवढंच असेल, हा हिशेब तिथे चालत नाही. अलीकडे थांब, चहा पी. पाऊस थांबला तर ओढा बऱ्याचदा काही तासांत उतरतो. नाही उतरला तर गावात मुक्काम कर, आम्हाला फोन कर, मी रागावणार नाही.

शहरातल्या तुंबलेल्या पाण्याचं वेगळं. तिथे कधी कधी जावंच लागतं. पुढची गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांब. तिची चाकं किती बुडतात ते बघ, पण पीएमपीच्या बसवरून अंदाज घेऊ नकोस. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलेलं दिसलं तर परत फिर. जायचंच तर पहिला गिअर, रेस एकसारखी, वेग माणूस चालतो तेवढा, मध्ये गिअर बदलायचा नाही. पाणी उडवत गेलीस तर तेच बॉनेटवर चढतं आणि हवेच्या नळीतून इंजिनात जातं. रस्त्याच्या कडेने जाऊ नकोस, चेंबरचं झाकण उघडं असू शकतं. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चाल, ते ओले असतात. भुयारी मार्गात पाणी दिसलं तर मात्र आत जायचा विचारच करायचा नाही.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. डिझेल इंजिनात दाब जास्त, त्यामुळे तुझ्या गाडीला धोकाही जास्त. टोचन करून गॅरेजला ने, बिल मी देतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. तुझ्या पॉलिसीत आहे का ते बघायचंय.

गाडी वाहायला लागली तर ती सोडून द्यायची. आधी बेल्ट, मग काच, मग बाहेर. दार उघडायच्या नादी लागू नकोस, बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. काचेचं बटण भिजून बंद पडायच्या आत दाबायचं. नाहीच उतरली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर हातोडी मारायची. समोरची काच थरांची असते, ती तडकते पण मोकळी होत नाही. हातोडी मी आणून ठेवलीय. डिकीत टाकू नकोस, दाराच्या कप्प्यात ठेव.

शनिवारी येताना पॉलिसीचे कागद घेऊन ये. आईने थालीपिठाची भाजणी दळून ठेवलीय, तीही न्यायची आहे. विसर्ग चालूच आहे, तेव्हा नदीपात्रातून न येता राजाराम पुलावरून ये.

तुझे,
बाबा