नांगराबद्दलही लिहा

संपादक महोदय,

उष्ण कटिबंधातील किनाऱ्यालगतच्या शिडनौका-सफरींवरचे लेख सूर्यास्ताच्या फोटोंनी भरलेले असतात. नांगर कसा टाकायचा, हे त्यांत क्वचितच येते, आणि नवखे नेमके तिथेच फसतात.

सकाळी मतलई वारे मंद असतात, दुपारी खारे वारे जोर धरतात. म्हणून लवकर निघून तीनच्या आत मुक्कामी पोहोचावे. प्रवाळ नीट दिसतात ते सूर्य उंच आणि पाठीमागे असतानाच. समोरून तिरपे ऊन आले की पाणी नुसते चकाकते.

साखळी मोजताना फक्त पाण्याची खोली धरणे, ही सर्वात मोठी चूक. खोली 5 मीटर, नाळेची (नौकेच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची 1, भरतीची वाढ 2, असे एकूण 8 मीटर. त्याच्या पाचपट, म्हणजे 40 मीटर साखळी सोडावी. दोर असेल तर सातपट. कमी सोडली की ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर उखडतो. इंजिन हळूहळू उलटे चालवून तो रुतल्याची खात्री करावी. आणि कृपया, नांगर वाळूतच टाकावा. प्रवाळ मोडले की भरून यायला दशके लागतात.

वारा येतो त्या दिशेला काळा ढग दिसताच शीड आखडून घ्यावे, झोत येण्याची वाट पाहू नये.

आपला,
एक शिडनौकाचालक