भारमान मोजायचं तर सकाळी सहाला मोजा

मा. संपादक,
स. न.

डोंगरी गावांच्या एस.टी. फेऱ्या प्रवाशांअभावी बंद केल्याची बातमी काल वाचली. अंक परवाचा होता. पूर्वी तुमचा पेपर गाडीतून त्याच दिवशी यायचा, आता बाजाराला गेलेलं कुणीतरी दुसऱ्या दिवशी आणतं.

अधिकाऱ्यांचं म्हणणं तुम्ही सविस्तर छापलंत. भारमान, म्हणजे गाडीत भरणाऱ्या जागांचं प्रमाण, कमी; डिझेलचा खर्चही निघत नाही. ती गाडी सुटत किती वाजता होती, एवढं तरी तुमच्या बातमीदाराने विचारायला हवं होतं.

आमच्या गावाला मुक्कामी गाडी होती. चालक-वाहक रात्री देवळात झोपायचे आणि सकाळी सहाला गाडी हलायची. कॉलेजची पोरं, कराडला दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, दुधाच्या किटल्या. फाटा येईपर्यंत उभं राहायला जागा नसायची. २०२१ च्या दिवाळीत संप झाला. एप्रिल २०२२ मध्ये एस.टी. पुन्हा सुरू झाली, पण आमची मुक्कामी गाडी आली नाही. तिच्या जागी सकाळी साडेअकराची एक फेरी दिली. साडेअकराला डोंगर उतरून कोण कुठे जाणार? वाहकाच्या मशिनमधून तीन-चार तिकिटं निघायची. तेच आमचं भारमान म्हणून कागदावर गेलं.

माझी मुलगी त्याच वर्षी अकरावीला गेली. विज्ञान शाखा घेतली होती. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, तो काढून दप्तरात ठेवला. गाडीच नाही म्हटल्यावर त्याचा काय उपयोग? फाटा साडेपाच किलोमीटरवर. पहाटे पाचला बॅटरी घेऊन मी तिला पोहोचवायला जायचो. तिथं वडाप, म्हणजे खासगी जीप, भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे पहिला तास रोज बुडायचा, प्रॅक्टिकल असलं तर तेही. श्रावणात एका संध्याकाळी परत येताना ओढ्याला पाणी आलं. आम्ही दोघं अलीकडच्या काठावरच दोन तास उभे होतो. तिची जर्नल भिजून लगदा झाली. वाटेत ती काही बोलली नाही. घरी आल्यावर आईला म्हणाली, "मला आत्याकडे ठेव." बारावीला ती नवी मुंबईत कामोठ्याला गेली, ती अजून तिथंच आहे.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ मध्ये होणार. माझी मुलगी त्यात कामोठ्याची म्हणून मोजली जाईल. भावाची सून पोरांच्या शाळेसाठी कराडला खोली करून राहते, ती तिघं कराडात. आमच्या आळीत चार घरांना कुलूप आहे. गावाचा आकडा २०११ पेक्षा खाली येणार हे मला आजच दिसतंय, आणि उद्या त्याच आकड्यावर बोट ठेवून एवढ्याशा वस्तीला गाडी कशाला, असं आम्हाला विचारतील. आमच्या वर धनगरवाडा आहे, त्याला तर रस्ताही नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत लोकसंख्येची अट ५०० ची. हिमाचल-उत्तराखंडसारख्या राज्यांना आणि आदिवासी क्षेत्राला ती २५० वर आणली आहे, सह्याद्रीतल्या आमच्या डोंगराला नाही.

आणखी एक. दर पावसाळ्यात तुमच्या पहिल्या पानावर आमच्या बाजूच्या धबधब्यांचे रंगीत फोटो असतात. मग रविवारी घाटात मोटारींची एवढी रांग लागते की गावातलं आजारी माणूस खाली नेता येत नाही. हे मी गेल्या वर्षीही कळवलं होतं, पत्र छापलं नाहीत.

मागणी एवढीच आहे. सकाळी सहाची गाडी तीन महिने सोडावी आणि मग खुशाल भारमान मोजावं. तुमच्या बातमीदारालाही पाठवा. त्यांना आदल्या दिवशीच मुक्कामाला यावं लागेल. जेवणाची, झोपायची सोय आमच्या घरी होईल, आणि पहाटे पाचला फाट्यापर्यंत मी स्वतः सोबत येईन.

आपला,
एक वाचक, पाटण तालुका, जि. सातारा