हेडफोनमधला गांधार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला हेडफोनवरचा लेख वाचला. महागातला हेडफोन घ्या आणि इक्वलायझरला, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करणाऱ्या सोयीला, हात लावू नका, त्याने मूळ आवाजात भेसळ होते, असा त्यातला सल्ला. मला तो मुळीच पटला नाही. बहुतेक हेडफोन आवाजात आपलं काहीतरी मिसळूनच देतात. ते काढायलाच तर इक्वलायझरचा फिल्टर लावायचा!

मी रामबागेत घरी गाणं शिकवते. मुलं रियाजाला मोबाइलवरचा तानपुरा लावतात. माझा एक विद्यार्थी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत गातो. त्याचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झचा, खर्जाची तार 69 ची. या तारेतून जो स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप, गांधार उमटतो तो तिच्या पाचपट, म्हणजे 346 च्या आसपास. त्याचा हेडफोन 100 ते 200 हर्ट्झचा पट्टा इतका फुगवायचा की नुसतं घुमणं ऐकू येई. खाली आवाज फुगला की वरचे सूर झाकले जातात, हा कानाचा धर्मच आहे. आम्ही 150 हर्ट्झवर 5 डेसिबलची रुंद कपात केली आणि त्याच हेडफोनमध्ये गांधार स्वच्छ ऐकू येऊ लागला. तानपुरा खुलावा म्हणून आपण जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला, दोरा केसभर सरकवतो, त्याला कोणी भेसळ म्हणतं का?

याला पैसेही लागत नाहीत. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट मिळतं, अँड्रॉइडवर ‘वेव्हलेट’ आहे. याको पासानेन यांच्या ‘ऑटोईक्यू’ प्रकल्पात हजारो हेडफोनसाठी मोजमापांवरून काढलेले आकडे तयार आहेत. कुठल्या हर्ट्झवर, किती डेसिबल आणि किती रुंद पट्ट्यात, एवढंच भरायचं.

फिल्टर लावल्यावर ‘आवाजातली जान जाते’, असंही लेखात म्हटलं आहे. त्याचं कारण वेगळं आहे. काही पट्टे वर उचलायचे असतात, तेव्हा आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी आधी पाच-सहा डेसिबल खाली आणावी लागते. हळू आवाज कानाला फिकाच वाटणार. फिल्टर लावून आणि न लावता, दोन्हीकडचा आवाज सारखा करून ऐकावं. अमीर खाँसाहेबांचा झूमरा तालातला विलंबित ख्याल लावा, तोही त्यांच्या मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या बढतीपाशी. फिल्टर नसताना सगळा मंद्र एकच गोळा होतो. फिल्टर लावला की एकेक स्वर आपापल्या जागी दिसतो. खाँसाहेबांच्या इंदूरात तरी हे ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

सगळंच यातून सुधारतं असं नाही. हेडफोनचाच आवाज फाटत असेल तर फिल्टर काही करू शकत नाही. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर जो खर्ज उमटलाच नाही, तो आणणार कुठून? आणि 8-10 हजार हर्ट्झच्या वर प्रत्येकाच्या कानाची घडण आड येते, तिथे तयार आकड्यांवर फार विसंबू नये.

माझी विनंती एवढीच, की हे आकडे मोबाइलमध्ये कसे भरायचे ते पुरवणीत चित्रांसह छापावं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आमची मुलं रात्री तानपुरा हेडफोनवरच ऐकतात, आणि सूर त्यावरूनच लावतात.

आपली,
एक गायन शिक्षिका,
रामबाग, इंदूर