सौर पंपाचे माप एकरावर नको, उपशावर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावरून ठरते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात. मोठ्या संख्येने आलेले अर्ज निकाली काढायचे तर असा सुटसुटीत निकष लागतो, आणि उथळ विहिरीवरच्या लहान शेतकऱ्याचे त्यात भागतेही. मात्र कृष्णाकाठी भावकीतले तीन-चार शेतकरी मिळून नदीचे पाणी माळावर चढवतात, त्यांना १५ अश्वशक्तीचा पंप लागतो. वीज नसलेल्या जागी तो स्वखर्चाने सौरऊर्जेवर घ्यायला निघालेल्यांच्या हाती जे दरपत्रक पडते त्यात ‘१५ एचपी, १२ किलोवॅट पॅनेल, एवढे रुपये’ इतकेच असते. पाणी किती उंच चढवायचे आणि रोज किती लागणार, याचा त्यात उल्लेखही नसतो.

दहा एकर उसाचे उदाहरण घेऊ. ठिबकवरही एप्रिल-मेमध्ये त्याला रोज साधारण अडीच लाख लिटर पाणी लागते. जॅकवेलमधल्या (नदीकाठच्या उपसा विहिरीतल्या) उन्हाळी पातळीपासून माथ्यावरच्या तळ्यापर्यंतची उभी चढण ४५ मीटर आणि पाइपलाइनमधले घर्षण १५ मीटर धरले, तर एकूण हेड, म्हणजे पंपाला पेलावी लागणारी एकूण उंची, ६० मीटर होते. एवढे पाणी एवढे वर नेण्याचे निव्वळ काम ४१ युनिटचे आहे. पंप आणि मोटार यांची मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली तर मोटारीला ८२ युनिट द्यावी लागतात, आणि धूळ, तापलेले पॅनेल, केबल व कंट्रोलर (पॅनेलची वीज मोटारीला जुळवून देणारे यंत्र) यांतली घट जमेस धरता पॅनेलमधून सुमारे ११० युनिट निघावी लागतात. दिवसातून साडेपाच तासांचे पूर्ण ऊन मिळते असे मानले तर पॅनेल २० किलोवॅटचे हवे. ‘१५ एचपी म्हणजे ११ किलोवॅट, तेव्हा १२ पुष्कळ झाले’ हा हिशेब मोटारीच्या पाटीवरून केलेला असतो.

तूट पॅनेलच्या प्रमाणातच राहिली असती तर एक वेळ चालले असते, पण तसे होत नाही. पॅनेलकडून वीज कमी आली की कंट्रोलर मोटारीचा वेग उतरवतो, आणि वेग कमी झाला की पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगाला, जास्तीत जास्त ८० मीटर दाब देणारा पंप ३५ हर्ट्झवर जेमतेम ३९ मीटर देतो, आणि आपली उभी चढणच ४५ मीटरची आहे. सकाळी साडेआठला कंट्रोलरच्या पडद्यावर ३५ चा आकडा दिसतो, मोटारीचा आवाजही येतो, पण माथ्यावर पाइपच्या तोंडाला थेंब येत नाही. पाणी पंपातच घुसळून तापत राहते. पॅनेल मुबलक असले तर हा वांझ काळ सकाळ-संध्याकाळ बराच आखूड होतो.

माहितीपत्रकातले लिटरचे आकडेही तारतम्याने वाचावेत. सरकारी मानकांत ते दर चौरस मीटरला दिवसाकाठी ७.१५ युनिट ऊन पॅनेलवर पडते असे धरून दिलेले असतात. आपल्याकडची वर्षाची सरासरी पाच-साडेपाचच्या आसपास असते. पाइपमध्ये केलेली काटकसरही पुढे पॅनेलच्या खर्चात निघते. पाच इंचीऐवजी चार इंची पाइप टाकला की तेवढ्याच प्रवाहाला घर्षण जवळजवळ तिप्पट होते, म्हणजे वरच्या उदाहरणात ६० मीटरचे हेड थेट ९० वर जाते. मग कितीही पॅनेल लावा.

बॅटरीचा विचार मात्र एवढ्या पंपासाठी मनातही आणू नये. साठवायचे ते पाणी. ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोल अस्तरीकरण केलेले शेततळे २१ लाखांहून अधिक लिटर धरते, म्हणजे बाष्पीभवन सोडता आठवड्याची बेगमी होते आणि ढगाळ चार दिवस निभावून जातात. ऊस असेल तर पाण्याची सर्वांत मोठी गरज आणि कडक ऊन एकाच वेळी येतात, ही जमेची बाजू. मुख्य भिस्त रब्बीवर असेल तर डिसेंबरचे ऊन धरून पुन्हा गणित करावे. पॅनेल मालिकेत किती जोडायचे हेही तेव्हाच ठरवावे, कारण मेमध्ये तापल्यावर व्होल्टेज उतरतो आणि थंडीतल्या सकाळी तो कंट्रोलरची मर्यादा ओलांडण्याइतका चढू शकतो.

तेव्हा योजनेच्या अर्जात सातबाऱ्याबरोबर एकूण हेड आणि रोजची पाण्याची गरज हे दोन रकाने असावेत, सामाईक उपशाचा अर्ज एकत्रित क्षेत्रावर आणि प्रत्यक्ष हेडवर तपासला जावा, आणि प्रत्येक विक्रेत्याने ‘इतक्या हेडला, या महिन्यात, दिवसाला इतके लिटर’ असे दरपत्रकावर सही-शिक्क्यानिशी लिहून देणे बंधनकारक करावे, अशी महावितरणला आणि राज्याच्या ऊर्जा विभागाला विनंती आहे.

— एक वाचक, पलूस (जि. सांगली)